ठेवायची मुभा

बाबांच्या फोनवर कोड आला. मुलीने तो बाबांच्याच कॉम्प्युटरवर भरला. पान उघडलं. कोपऱ्यात बाबांचा फोटो होता, दाढी न केलेला.

"सुटलो," चष्मेवाले म्हणाले. बाबांच्या हाताखाली केस पांढरे केलेले हे गृहस्थ. बसायला खुर्ची दिली तरी स्टुलाच्या कडेवर टेकले होते.

"चहा टाकते," आई दारातून म्हणाली.

"नको वहिनी. सहाच्या आत व्हायला हवं."

"एवढं काय आहे सहाला?"

चष्मेवाल्यांनी मुलीकडे पाहिलं. मग घसा साफ केला. "वहिनी, सर तुम्हाला डब्याचं सांगायचे ना..."

"पाठ आहे मला. प्रोग्रॅम आणि त्याला लागेल ते सगळं एका डब्यात भरायचं, झाकण लावायचं आणि फळीवर ठेवायचं. दवाखानेवाले फळीवरून उचलून नेतात."

"बरोबर. उचलायची मुभा सगळ्यांना, ठेवायची फक्त सरांना. तर त्या डब्याला भोक पडलंय, वहिनी. पेशंटची नावं, आजार, सगळं बाहेर जाऊ शकतं. दुरुस्त केलेला डबा तयार आहे, पण मला तो ठेवता येत नाही. आणि सरांनी लावून दिलेलं यंत्र रोज सहाला जुनाच डबा नेऊन ठेवतंय. त्यांच्या नावाने."

"मग यंत्र बंद करा."

"सापडलं तर करू. कुठल्या कोपऱ्यात लावलंय ते सरांनाच ठाऊक."

आईने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिच्या ओट्यावर टॅबलेट उभा असायचा आणि त्यावर फळीचं पान. सहा वाजले की एक ओळ बदलायची. बाबांचं नाव आणि पुढे 'आत्ताच'. आई मग दिवा लावायची. ते गेल्यापासूनही लावत होती. मुलगी आपल्या घरी, आपल्या फोनवर तीच ओळ पाहायची. दोघींनी एकमेकींना हे कधी सांगितलं नव्हतं.

"सभासद," मुलीने वाचलं. यादीत आठ नावं होती. सात जणांपुढे 'फक्त पाहणे'. बाबांपुढे 'मालक'.

"तुम्ही कधी मागितली नाहीत मुभा?"

"मागितली की! दर वर्षी. म्हणायचे, आधी झाकण नीट लावायला शिका." चष्मेवाले हसले आणि लगेच थांबले. "एकदा माझ्या हातून रिकामा डबा गेला होता वर. तो काही विसरले नाहीत."

"आता तुम्हाला मालक करते."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. तिने त्यांच्या नावापुढचा बाण दाबला, 'मालक' निवडलं. पडद्यावर काही खास घडलं नाही. एक शब्द बदलला, एवढंच.

"झालं?"

"झालं. आता बाबांचं."

त्यांच्या नावापुढेही बाण होता.

"सरांचा नियम कडक होता," चष्मेवाले म्हणाले. "गेलेल्या माणसाचं नाव त्याच दिवशी काढायचं." मग त्यांना काय बोललो ते कळलं. "म्हणजे नोकरी सोडून, असं."

"नुसतं पाहायला तरी ठेवता येईल का त्यांना?" आईने विचारलं. "बाकीच्यांना आहे तसं."

"येईल की, वहिनी! काही अडत नाही. ठेवायची मुभा काढली की पुरे. यंत्राला आपोआप अटकाव होईल."

दोघंही मुलीकडे बघत राहिले. तिचा हात माऊसवर होता. माऊसची डावी बाजू झिजून गुळगुळीत झाली होती. तिचं बोट बरोबर तिथेच पडत होतं.

"बाबांनी ठेवलं असतं कुणाला?"

चष्मेवाल्यांनी फरशीकडे पाहिलं. "नाही."

मुलीने बाबांच्या नावापुढचा बाण दाबून 'काढा' निवडलं. पडद्यावर प्रश्न आला. तुम्ही स्वतःला काढत आहात. यानंतर तुम्हाला परत येता येणार नाही, इतर मालकाने बोलावल्याशिवाय. पुढे जायचं?

तिने आईकडे पाहिलं नाही. बटण दाबलं. पान बंद होऊन दुसरं आलं, कुणाही परक्याला दिसतं तसं. कोपऱ्यातला फोटो गेला होता.

चष्मेवाल्यांनी पिशवीतून आपला लॅपटॉप काढला, मांडीवर घेतला आणि दुरुस्त डबा फळीवर ठेवला. दोनदा तपासला. झाकण लागलं होतं. "येतो मी," असं म्हणून ते उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन स्टूल भिंतीला लावलं आणि मग गेले.

आई ओट्याकडे वळली नाही. बाबांच्या खोलीतच, पलंगाच्या कडेला बसली. बाहेर गाड्यांचा आवाज वाढला होता.

सहाला टेबलावरचा फोन थरथरला.

"त्यांचा वाजतोय," आई म्हणाली.

मुलीने वाचलं. "यंत्राचा निरोप आहे. ठेवायची मुभा नाही, म्हणतंय."

फोन पुन्हा थरथरला. मग पुन्हा.

"आता काय?"

"तेच. परत विचारतंय. थोडा वेळ विचारेल, मग थांबेल."

"आणि उद्या?"

"उद्या सहाला परत. यंत्र सापडेपर्यंत."

आईने फोन हातात घेतला, लांब धरून पाहिला. बॅटरी उतरत आली होती. ती उठली आणि तिने तो चार्जिंगला लावला.