आवाज कमी करायचं बटण

सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये शौनक बायकोला मराठीतून वाटेल ते बोलायचा, कारण भिंतीपलीकडच्या बंगाली बिऱ्हाडाला त्यातलं अक्षरही कळत नसे. विनीताच्या फोनमधली कंपनीची अँड्रॉइड सिस्टीम काढून त्याने स्वतः बनवलेली टाकली होती आणि बटणांची कामंच बदलून ठेवली होती. पॉवरचं बटण कितीही दाबलं तरी फोन बंद व्हायचा नाही. उलट ती कुठे आहे ते त्याला कळायचं.

“दुपारी बागबाजारात फोन बंद करायला गेलीस ना?” तो दार अडवून म्हणाला. “कुणाला भेटायला गेली होतीस? बोल, नाहीतर थोबाड फोडीन!”

विनीताने आवाज कमी करायचं बटण तेवढं दाबून धरलं.

“दाब, दाब!” शौनक खदाखदा हसला. “तुझ्या फोनचं कुठलं बटण काय करणार, ते मी ठरवतो. आणि ओरड हवं तेवढं. इथे तुझं मराठी कळतंय कुणाला?”

बटणांच्या सेटिंगला त्याने पासवर्ड घातला नव्हता. बायको त्यात हात घालेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“मला कळतंय,” फोनच्या स्पीकरवरून, साताऱ्याहून त्याची आई म्हणाली. “विनीता, तू नीघ तिथून. याच्या बापाच्या वेळी माझ्याकडे असं बटण नव्हतं.”