इंग्रज समुद्रावर का निघाले?

बासष्ट वर्षांच्या कौतिकाबाई बी.ए.च्या तोंडी परीक्षेला तिसऱ्यांदा बसल्या होत्या. या खेपेला नापास झाले तर शिकणं सोडीन, असं त्यांनी घरी सांगून टाकलं होतं.

"ट्यूडर राजांच्या काळात इंग्रज समुद्रावर का निघाले?" सरांनी विचारलं.

पाठ केलेलं सगळं त्या विसरल्या.

"सर, देवळीत कापूस कोणी घेतला नाई का, आमी हिंगणघाटले नेतो. तसंच त्यायचं लोकरीचं कापड जुन्या बाजारात खपेना, म्हणून ते नवा बाजार शोधाले निघाले."

"आणि परिणाम?"

"ते इथवर पोचले, सर. म्हणून तर देवळीच्या बाईले पास व्हाले इंग्रजायचा इतिहास सांगा लागते."

सर हसत सुटले. "झालात पास, बाई."

तेव्हा कुठे कौतिकाबाई खुर्चीला टेकून बसल्या.