पुढील वर्षाचे वेळापत्रक

"पुढच्या वर्षाचं टाइमटेबल तू नको बनवू, विनोदिनी," असे म्हणून सिस्टर कृपा यांनी तिच्या हातातील आखलेला कागद काढून घेतला. "तू फक्त वार्षिक वृत्त पूर्ण कर. शेवटच्या दिवशी वाचायचं आहे."

विनोदिनी गावंडे त्या शाळेत बारा वर्षांपासून संस्कृत शिकवीत होती आणि वेळापत्रकही तीच आखीत होती. तिची नेमणूक मात्र दर वेळी एकाच वर्षाची असे. मार्चच्या अखेरीस मुख्याध्यापिका सिस्टर कृपा तिर्की नव्या पत्रावर सही करीत, तेव्हा कोठे तिच्या जिवात जीव येई.

"माझं काही चुकलं का, सिस्टर?"

"नाही गं. बाद में बताऊँगी. आत्ता बोलायची मनाई आहे मले." सिस्टरांनी नागपूरला बी.एड. केले होते, त्यांची मराठी तेथलीच होती.

व्हरांड्यात शाळेची सेविका भीमाबाई बाकडी पुसत होती. तिने फडके पिळले.

"टीचर, ते नवीन पोट्टी पाहिली का? चेतना का काय नाव. आठवीत संस्कृतचा डेमो देऊन राहिली होती. सिस्टर मागं बसून हसत होत्या."

"हसत होत्या?"

"हव. तुमच्या तासाले हसल्या का कधी?"

विनोदिनीचे घर शाळेच्या आवारातच, सभागृहाच्या मागे होते. दोन खोल्या, आणि खिडकीसमोर कुंपणाची उंच भिंत. आठ वाजता चौकीदार फाटकाला कुलूप लावी. त्यानंतर बाहेर जावयाचे तर त्याला विचारावे लागे. नोकरी गेल्यास एप्रिलअखेर ते घर सोडावे लागणार होते. मुलगी कौमुदी याच शाळेत नववीत होती. पती शेखर उरला या कारखान्यांच्या वस्तीतील रोलिंग मिलमध्ये होते आणि तेथे दोनपैकी एकच पाळी चालू राहिली होती.

"काहून एवढी घाबरून राहिली?" शेखर म्हणाले. "सरळ विचारून टाक ना."

"विचारलं. सांगत नाहीत."

"मग उरल्यात खोली पाहून ठेवतो. धूळ खाऊ, अजून काय!"

"कौमुदीले तिथं नेऊ? दहावीच्या वर्षी?"

शेखर यांनी ताट पुढे ओढले.

विनोदिनीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. सिस्टरांची बदली त्यांच्या हाती नसते. धर्मसंघाच्या मुख्य मठातून आज्ञा येते आणि आठ दिवसांत पेटी भरून निघावे लागते. तीन वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या सिस्टरांविरुद्ध एक निनावी पत्र गेले, आणि ईस्टरपूर्वीच त्या दिसेनाशा झाल्या. शिवाय नवी मुख्याध्यापिका पहिल्या वर्षी जुन्या कोणालाही हलवीत नसे, हेही तिने पाहिले होते. पहिले वर्ष मिळाले की पुरे होते.

तिने मुख्य मठास हिंदीत एक निनावी पत्र लिहिले. वसतिगृहातील जागा सिस्टर कृपा आपल्या जशपूरकडच्या मुलींनाच देतात, असे त्यात म्हटले. वास्तविक पाहता ती यादी दर वर्षी विनोदिनी स्वतःच टंकित करीत असे आणि हे असत्य आहे, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. शहराच्या तेलीबांधा भागातील एका दुकानात तिने पत्र छापून घेतले आणि तेथूनच टपालात टाकले.

त्यानंतर ती वार्षिक वृत्त लिहावयास बसली. क्रीडादिनी निळे सदन प्रथम आले. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात मुलींनी घरोघरीचे मूठमूठ तांदूळ गोळा करून वृद्धाश्रमास दिले. दहावीच्या वर्गास भावपूर्ण निरोप देण्यात आला. अक्षर चांगले येत होते.

चौथ्या दिवशी चेतना पेढे घेऊन शिक्षक-खोलीत आली. "दीदी, अपॉइंटमेंट लेटर मिल गया. आपकी सारी क्लासेस मुझे मिली हैं. आशीर्वाद दीजिए."

विनोदिनीने पेढा तोंडात टाकला.

पुढील सोमवारी मुख्य मठातून दोन वृद्ध सिस्टर पांढऱ्या गाडीतून आल्या आणि दोन तास कार्यालयाचे दार बंद राहिले. विनोदिनीच्या मनाने उभारी धरली. नवी सिस्टर आली की तिच्यासमोर बारा वर्षांचे काम ठेवता येईल.

शेवटच्या दिवशी वृत्तवाचन झाले, मुलांनी टाळ्या वाजविल्या आणि सिस्टर कृपांनी तिला आत बोलावले.

मेजावर पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले होते. विनोदिनीने चेहऱ्यावर खेद आणला.

"बदली झाली का, सिस्टर?"

"झाली होती." तेव्हा विनोदिनीच्या लक्षात आले, की सिस्टर गाठी बांधत नसून सोडीत आहेत. "आई गावाकडे एकटी आहे, डोळ्यानं दिसत नाही तिले. आठ वर्षं मागून राहिली होती मी. या महिन्यात मंजूर झालं. आता सब रद्द. कोणी तरी खोटी चिठ्ठी टाकली."

"पण चिठ्ठी आली की लगेच बदली करतात ना?"

सिस्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. "पहिले करत होते. आता पहिले चौकशी. सालभर तरी चालते."

विनोदिनीने खुर्चीची पाठ धरली. "मग माझी जागा, सिस्टर?"

"ती तर चेतनाले दिली ना. संस्कृतले दोघी कशा ठेवू?" सिस्टरांचा आवाज खाली गेला. "माझ्या जागी तुझं नाव वरून मंजूर होऊन आलं होतं, विनोदिनी. पण नियम असा आहे, चौकशी संपेपर्यंत मी इथून हलायचं नाही, आणि माझ्या या खुर्चीत तू बसायचं नाही."