पाच घावांचा नवस

पाना असा निसटला की सयाजी उताणा पडला आणि लिंबावरचा कावळा उंब्रज सोडून थेट कराडला जाऊन बसला.

"हलला का रं?" मोटारीखालनं रसूल लोहारानं विचारलं.

"मी हललो. बोल्ट हाय तिथंच हाय."

मोटार मिल्ट्रीच्या लिलावातली. तिच्या मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा मोडला होता. नवा पाटा सयाजीनं सांगलीहून आणून ठेवला होता. पण जुना पाटा ज्या बोल्टावर लटकत होता, तो गंजून असा बसला होता, जसा आखाडात जावई सासुरवाडीला. उठायचं नावच नाही.

सयाजी ब्रह्मदेशात फौजेच्या गाड्या हाकून आलेला. येताना उजव्या खांद्यात गोळी खाऊन आला, म्हणून जोराच्या कामाला रसूल लागायचा.

आणि घाई तर होतीच. बायको अंजना आष्ट्याला माहेरी बाळंत झाली होती. बारशाला सासरे हंबीरराव सगळ्या भावकीपुढं म्हणाले होते, "जावईबापू, मोटार घेतलीया म्हनं? मग सव्वा म्हयन्यानं मोटारीतनंच न्या लेकीला. न्हाई चालली, तर माझी पोर आन नात दिवाळीपतोर हितंच."

सव्वा महिना भरायला आता चोवीस दिवस उरले होते.

"भट्टी आण, रसूल," सयाजी म्हणाला. "बोल्टाचं घर लाल करू. एका घावात निघंल. रंगूनला आमी असंच काढायचो." रसूल भट्टी आणायला उठलाही.

"आग न्हाई लावायची!"

सयाजीची आई धोंडुबाई ओट्यावरनं धावत आली. एरवी घरात साप निघाला तरी सावकाश उठणारी बाई.

"म्या मारुतीला नवस बोललीया. एकवीस दिस मोटारीला आग न्हाई. रोज पाचच घाव, ते बी हळू. द्येवाला गोंगाट चालत न्हाई. आन मागच्या गादीला कुनी हात लावायचा न्हाई, खाली नवसाचा नारळ ठेवलाय."

"आगं आये, बोल्टाचा आन मारुतीचा काय संबंध?"

"जडशीळ काम हाय. दुसऱ्या कुठल्या द्येवाला सांगू?"

सयाजीनं पाना खाली ठेवला. दोन दिवसांमागं मुंगसानं तांबडी कोंबडी नेल्यापासनं आईचा देवाधर्मावर जरा जास्तच जीव बसला होता. तवा तिनं मुंगसाच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या आणि मग दोनदा मागून पिठलं खाल्लं होतं.

धोंडुबाईनं रसूलला चहाला चुलीपाशी बोलावलं. चहा जरा लांबलाच. रसूल मिशा पुसत बाहेर आला.

"मावशी बराबर बोलतीया, गड्या. लोखंडाला बी मन असतंय. घासलेट पाजू, मुरू दे."

"मघाशी तर तूच भट्टी आनायला उठला हुतास!"

"मघाशी मी चहा घेतला नव्हता."

झालं, नवस सुरू झाला. रोज सकाळी धोंडुबाई मूठभर जोंधळं आणि वाटीभर पाणी घेऊन मोटारीत शिरायची. पदर आडवा धरून काहीतरी पुटपुटायची. नवसाचं कुणी बघायचं नसतं. बाहेर येऊन भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची. मग रसूल यायचा, पिसानं बोल्टाला घासलेट लावायचा आणि मोजून पाच घाव घालायचा.

"हे ठोकनं हाय का नवरदेवाला हळद लावनं?" सयाजी चिडायचा.

"तुझ्या आईला इचार," रसूल म्हणायचा आणि गालातल्या गालात हसायचा.

पंधराव्या रेघेला आष्ट्याचा मोहिद्दीन गुळाचा व्यापारी निरोप घेऊन आला. "हंबीररावांनी इचारलंय, पाळना काढून ठिवू का दिवाळीपतोर ऱ्हाऊ दे?"

सयाजीला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. पोरीचं तोंड त्यानं बारशात एकदाच बघितलं होतं. तिनं त्याचं बोट धरलं होतं आणि बराच वेळ सोडलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी आई विहिरीवर गेली बघून त्यानं चुलीतले निखारे घमेल्यात घेतले. मोटारीपाशी पोचतो न पोचतो तोच धोंडुबाई भरली घागर टाकून आली आणि मोटारीच्या पायरीवर आडवी झाली.

"आदी मला पेटीव! मग मोटार!"

"आये, माझी बायकू-पोर तिकडं अडकलीया गं!"

म्हातारीचा आवाज एकदम मऊ झाला. "मला काय नात नगो झालीया व्हय रं? दोनच दिस. सव्वा म्हयन्याच्या आत तुझी गाडी आष्ट्यात न्हाई पोचली, तर मी सोता तिला जू लावून वढीन."

सयाजीनं निखारे उकिरड्यावर ओतले.

एकविसावी रेघ ओढायच्या आधी धोंडुबाई मोटारीत शिरली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. आली तेव्हा पदराखाली कापड झाकलेली टोपली होती. ती लांब, लिंबाखाली नेऊन ठेवली.

"नवस फिटला. लावा आता काय लावायची ती आग."

रसूलनं भाता चालवला. बोल्टाचं घर टोमॅटोगत लाल झालं. त्यानं घण उचलला आणि एकच घाव घातला. बोल्ट असा उडाला की कराडला बसलेला तो कावळा तिथनंही उठला म्हणतात.

सयाजी नाचला. आईच्या पाया पडला. मारुतीची माफी मागितली.

"आये, काय बी म्हन, तुझा द्येव पावला! आन तो नारळ, फोडू या!"

त्यानं जाऊन टोपलीत हात घातला आणि "आई गं!" म्हणत मागं घेतला. बोटाला कुणीतरी टोचलं होतं.

रसूल हसत पुढं आला, कापड उचललं. मुंगसानं नेलेल्या तांबडीच्या पंखाखालनं मोजून दोन पिल्लं काढली आणि टोपीत घातली.

"ठरल्यापरमानं, मावशी."