दोन गोळ्या, दोन चारुशीला

"मानवजातीच्या इतिहासात आज नवं पर्व सुरू होतंय," डॉक्टर धनेश्वर म्हणाले आणि पडदा सुरू होईना म्हणून त्याला दोन चापट्या मारल्या.

पडद्यावर दोन चारुशीला उमटल्या. खरी चारुशीला समोर खुर्चीत चुळबुळत होती. लक्ष टिकत नसल्यानं चाळिशीपर्यंत तिनं एकही ब्लाउज वेळेत शिवून दिला नव्हता. तिच्या तपासण्यांवरून संगणकात बनवलेल्या या जुळ्या बहिणींनी तिच्याऐवजी दोन वेगवेगळ्या गोळ्यांवर तासाभरात सहा महिने काढले होते.

पहिली दुपारपर्यंत झकास शिवायची, पण गोळी उतरली की गिऱ्हाइकांवर खेकसायची. दुसरी संध्याकाळपर्यंत शांतपणे मशीन चालवायची, फक्त जेवायचं विसरायची.

"ही दुसरी माझ्यासारखी शिवताना गुणगुणते का हो?" चारुशीलानं भीत भीत विचारलं. गोळीनं आपणच पुसले गेलो तर, एवढीच तिला धास्ती होती.

डॉक्टरांनी आवाज वाढवला. दुसरी गुणगुणत होती, तेही बेसूर.

"अगंबाई, मीच आहे!" चारुशीलाचे डोळे भरून आले. "हीच द्या. जेवायची आठवण आमचे हे करतील, त्यांना तेवढंच सुचतं. आणि डॉक्टर, तिचं लक्ष जागेवर आहे तोवर विचारा ना, मी स्कूटरची किल्ली कुठं ठेवलीय?"