ठिपक्याखाली काय आहे

“ही वाळू,” नंदा म्हणाली.

“वाळू कुठली? खडक आहे तो. चष्मा पूस जरा.”

“अहो, खडकावर अशा लाटा उमटतात का कधी? वाळूच आहे.”

श्रीधररावांनी मुकाट्याने वाळूवर क्लिक केलं. पडद्यावर पुढचा फोटो आला. समुद्राच्या तळाचा, हिरवट, गढूळसा, आणि त्यावर संगणकाने टाकलेले लाल ठिपके. प्रत्येक ठिपक्याखाली काय आहे ते सांगायचं: वाळू, खडक, शेवाळ, जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ. होडीतून दोराने कॅमेरा खाली सोडतात, तो तळाचे फोटो काढत जातो, आणि तिथे काय जगतंय नि काय मरतंय ते त्यावरून कळतं. जन्मभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढलेला माणूस उज्जैनला, नानाखेड्यातल्या फ्लॅटमध्ये बसून प्रवाळ ओळखत होता. शेजाऱ्यांना मोठी गंमत वाटायची.

गंमत कसली! हे काम त्यांच्या मुलाचं, सौमित्रचं होतं. दीडेक वर्षापूर्वी कोकणात असाच एक कॅमेरा खडकात अडकला. तो सोडवायला सौमित्र पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही. फोन आला आणि श्रीधरराव उभ्या जागी कोसळले. इंदूरच्या दवाखान्यात छाती उघडावी लागली. तो महिना त्यांना नीटसा आठवतही नाही. मधे नंदा आपल्या भावाला, केदारला घेऊन कोकणात जाऊन आली, एवढं कानावर होतं. खाटेजवळ बसून ती म्हणाली होती, “शोध चालू आहे. तुम्ही आधी बरे व्हा.”

श्रीधरराव बरे झाले. शोधाचं नाव मात्र हळूहळू कुणी काढेनासं झालं.

मग एक दिवस नंदानेच मृण्मयीला फोन केला. ही सौमित्रच्या बरोबर काम करणारी मुलगी. “फोटो आम्हाला पाठव गं. आम्ही करू मदत. घर खायला उठतं.”

श्रीधररावांना बायको काय आज कळणार होती? ती त्या फोटोंत काय शोधतेय, ते त्यांनी तेव्हाच ओळखलं. आईच ती. एखाद्या ठिपक्याखाली जर कधी...

पुढचं त्यांना मनातसुद्धा म्हणवेना. त्यांनी माउस आपल्या हातात ठेवला. रोज दुपारी नंदाचं स्वयंपाकघर आवरायच्या आत ते आलेले सगळे फोटो एकदा चाळून घेत. काही दिसायचंच असेल तर ते आपल्याला दिसू दे. शिवलेली छाती धडधडायची. पण तिच्या नजरेला ते पडता कामा नये, याच्यासाठी त्यांचा सगळा आटापिटा.

एकदा तर गच्चीवर जाऊन त्यांनी गुपचूप मृण्मयीला सांगितलं, “बेटा, तो जिथे बुडाला ना, त्या बाजूचे फोटो काकूला नको पाठवत जाऊस.”

ती म्हणाली, “काका, तिकडचं काम केव्हाच संपलंय. तुम्ही परेशान नका होऊ.” पोरीचा आवाज रडवेला झाला होता.

राहिले होते ते फक्त विधी. देह मिळाला नाही, तर दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. रामघाटावरचे प्रभाकर गुरुजी त्यांचे जुने स्नेही. श्रीधररावांनी विषय काढला की ते म्हणत, “वहिनी काय म्हणतात? त्या हो म्हणतील त्या दिवशी बसू. जल्दी काय आहे?”

आणि वहिनी म्हणायच्या, “एवढे फोटो होऊ देत.”

तिची आशा सुटत नव्हती आणि ती तोडायचा धीर श्रीधररावांना होत नव्हता. ते न्हाणीघरात नळ सोडून रडायचे.

शेवटी फोटो संपले. शेवटचा नुसत्या वाळूचा होता. नंदा पडद्याकडे बघत म्हणाली, “अहो, इतक्या फोटोंत तुम्हाला काही दिसलं का हो?”

ते चपापले. “नाही गं. काही नाही.”

“मग आता पुरे?”

तिचा धीर सुटला असं त्यांना वाटलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते एकदाचं बोलून गेले, “पुरे. आपला सौमित्र गेला, नंदा.”

ती त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “उद्या घाटावर जाऊ.”

सकाळी श्रीधररावांनी दर्भ, नारळ, पळसाची पानं सगळं आठवणीने पिशवीत भरलं. घाटाच्या पायऱ्यांवर त्यांनी नंदाचा दंड घट्ट धरून ठेवला. “मी आहे ना,” ते सारखं म्हणत होते.

गुरुजींनी पिशवी उघडलीही नाही. त्यांनी नंदाकडे पाहिलं. तिने मान हलवली. तसे ते आत गेले आणि लाल फडक्यात बांधलेला एक तांब्याचा कलश घेऊन बाहेर आले.

“श्रीधरराव, आधी खाली बसा,” ते म्हणाले. “पुतळा नाही लागणार. अस्थी आहेत. तुम्ही इंदूरला दवाखान्यात होता ना, तेव्हाच वहिनींनी कोकणातून आणून माझ्याकडे ठेवल्यात.”