धडा तिसरा : माझे छंद

“मे गुस्ता...” बिट्टी म्हणाली आणि थांबली.

आई पुस्तकावर बोट ठेवून बसली होती. स्पॅनिशचा हा तिसरा धडा तिने स्वतःच सकाळी भांडी घासता घासता कसाबसा वाचला होता. नाव सांगून झालं होतं, वय सांगून झालं होतं. आता ‘मे गुस्ता’, म्हणजे ‘मला आवडतं’, असं म्हणून आवडीनिवडी सांगायच्या होत्या. समोर सोफ्यावर मावशी चहाचा कप धरून कौतुकाने ऐकत होती.

मावशी दोन वर्षांनी धाकट्या बहिणीकडे आली होती. चपला काढता काढताच तिने भाचीला विचारलं होतं, “काय गं, घरीच शिकतेस म्हणे. मग दिवसभर काय काय करतेस?”

“मी... मी...”

“चित्रं काढते,” आईने सांगून टाकलं. “चित्रांचं भारी वेड आहे तिला.”

बिट्टीने मान डोलावली होती.

आई मुद्रितशोधनाची कामं करायची. दुसऱ्यांची वाक्यं नीट करून देण्यावर घर चालायचं. ती सवय हळूहळू जिभेलाही जडली. नऊ वर्षांच्या मुलीचं वाक्य तोतरेपणामुळे अडलं, की आई ते पुरं करून मोकळी व्हायची. पोरीचे हाल बघवत नाहीत, म्हणायची.

शाळेतून काढलं तेव्हाही ती हेच म्हणाली. वर्गातली मुलं हसतात, असं तिने ताईला, म्हणजे या मावशीलाच, फोनवर सांगितलं. ते खोटं होतं. स्नेहसंमेलनात बिट्टी स्वतःच्याच नावावर अडली, तेव्हा तिसऱ्या रांगेतून आईनेच उठून ते नाव ओरडून सांगितलं होतं. सभागृह हसलं ते त्यानंतर. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका शांतपणे म्हणाल्या, “तिला दोन मिनिटं लागतात. आमच्याकडे दोन मिनिटं असतात.” आईला तो टोमणा वाटला. आठवड्याभरात तिने दाखला काढून आणला. त्याला आता दीड वर्ष झालं. ते खोटं रोज सलायचं. रोज ती नवं पुस्तक उघडायची.

“मे गुस्ता... आब्लार,” बिट्टी म्हणाली.

“अगं, चुकलीस. चित्रं काढणं म्हणजे दिबुहार.” आईचं बोट पुस्तकामागच्या शब्दांच्या यादीवरून फिरलं. “आब्लार म्हणजे...”

बोट थांबलं. आब्लार म्हणजे बोलणं.

बिट्टीने नकारार्थी मान हलवली. “आब्लार,” ती पुन्हा म्हणाली. सरळ, एका दमात.

मावशीने कप खाली ठेवला. “मघापासून ऐकतेय मी. या भाषेत तू एवढी अडत कशी नाहीस गं?”

आईचं उत्तर तयारच होतं. तिने तोंड उघडलं, तसा मावशीने हात आडवा धरला.

“तुला नाही विचारलं.”

बिट्टीने आईकडे पाहिलं. मग मावशीकडे.

“त्या भा... भा...”

शब्द आईच्या जिभेच्या टोकावर आला. तिने ओठ घट्ट मिटले. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

“त्या भाषेत आ... आ...”

आवाज. आवाज सोपे असतात, हेच तिला म्हणायचं असणार. आईला अगदी खात्री होती. तिने मांडीवर मूठ आवळली, मान खाली घातली आणि वाट पाहिली. एवढी वाट तिने त्या पोरीसाठी कधी पाहिली नव्हती. बिट्टीने श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली आणि वाक्य स्वतःच पुरं केलं.

“त्या भाषेत आईला पुढचा शब्द माहीत नसतो.”